सगळ्यांचे हात

महाड
रविवार, दुपार

प्रिय हुमेरा,

अक्षर ओळखलंस ना? नसशील तर सांगते. अध्यापक विद्यालयात फळ्यावर तुझ्या मोत्यांच्या शेजारी जे कोंबडीचे पाय उमटायचे, ती कोंबडी लिहिते आहे. तीन वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस, निरोपांना उत्तर दिलं नाहीस, मग मीही तोंड फुगवून बसले. पण हफिजाखाला परवा तुझ्याकडे मस्कतला निघणार हे काल बाजारात कळलं आणि मी तशीच तुडीलला गेले. म्हटलं, सामानात माझं एक पाकीट टाकाल का? खालांनी पाकिटाचं नंतर बघू म्हणून आधी जेवायला वाढलं. तुझी आई काडीचीही बदललेली नाही. सावित्री नदीला पाणी बरंच आहे, पण अंगणापर्यंत आलेलं नाही. आदिलची मुलगी, तुझी भाची, चालायला लागली, आणि चालते ती थेट चुलीकडेच. एवढ्या बातम्यांवर समाधान मानून पत्र मिटून ठेवावंसं वाटेल, पण ठेवू नकोस. शेवटपर्यंत वाच.

या जूनमध्ये माझी बदली झाली. शाळेचं नाव वाचलं तेव्हा मी बराच वेळ खुर्चीवरून उठले नाही. उंबरकोंड. हो, तुझीच शाळा, वरंधच्या वरची. तू नोकरी सोडून गेलीस त्यानंतर तिथे कुणी टिकलं नाही. एक गुरुजी आले ते दिवाळीला गेले, एक बाई आल्या त्यांनी आजारपणाची रजा घेतली ती घेतलीच. लोक म्हणायचे, लांब पडतं, डोंगर चढावा लागतो, पावसात वाट राहत नाही. मलाही ते कारण पटलं होतं. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे स्कूटी लावून मी पहिल्या दिवशी साकवावरून पलीकडे गेले. साकव तोच आहे, तेच दोन ओंडके आणि वर टाकलेल्या फळ्या. नवा मंजूर झालाय म्हणतात. त्याच्यावरून जाताना मी खाली पाहिलं नाही, एवढंच तुला सांगते.

पहिल्याच आठवड्यात मी फळा पुसून मुलांना म्हटलं, चला, वर्गाचे नियम सगळ्यांनी मिळून ठरवू या. आठवतं, पाठ घ्यायला गेलो की तू हेच करायचीस आणि मी तुझी टर उडवायची? तू म्हणायचीस, बाईंनी लादलेला नियम म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल, वळण आलं की पोर काढून फेकणार. मी म्हणायची, पोरांच्या हाती कारभार दिला तर रोज रविवार. पुढे मीही तेच करायला लागले, पण तुला कधी सांगितलं नाही, तू डोक्यावर बसली असतीस. तर मी खडू घेऊन उभी राहिले आणि मुलं एकमेकांकडे बघायला लागली. चौथीतली स्वरांगी उठली. तुझ्या वेळी ती पहिलीत होती, दोन शेंड्यांची, आता वर्गाचा सगळा कारभार तिच्याकडे आहे. म्हणाली, "बाई, आमचे हायेत नियम." आणि सगळ्यांनी पाढे म्हणावेत तसे म्हणून दाखवले. कुणाच्या डब्याला हसायचं नाही. ज्याला गणित कळलं त्याने न कळलेल्याला उत्तर सांगायचं नाही, रीत सांगायची. बाई चिडल्या तर त्यांना पाणी आणून द्यायचं. ज्याची जी कामगिरी ती त्यानेच पुरी करायची. एकालाही मागे ठेवून घरी जायचं नाही. आणि नियम बदलायचा तर सगळ्यांचे हात वर आले पाहिजेत, एक जरी राहिला तरी बदल नाही.

पाण्याचा नियम कोणत्या बाईंमुळे झाला असेल ते मला सांगावं लागलं नाही. तिथे उभ्या उभ्या मला तुझी इतकी आठवण आली की मी पाठ फिरवून उगाच फळा पुसला. तू गेल्यावर तीन वर्षं त्या पोरांनी तुझे नियम भिंतीवर काही लिहिलेलं नसताना सांभाळले. पहिलीतली पोरं, ज्यांनी तुला पाहिलंसुद्धा नाही, तीही तोंडपाठ म्हणत होती. मी मनात म्हटलं, हुमेरा जिंकली.

मग मी एक छोटीशी दुरुस्ती सुचवली. कामगिरी दर आठवड्याला बदलू या, म्हणजे झाडणारा कायम झाडणारच राहणार नाही. मुलांना ते आवडलं. मी म्हटलं, हात वर. अकरा मुलं, अकरा हात. मी खडू उचलला तर स्वरांगी म्हणाली, "सगळ्यांचे नाय आले, बाई." मी पुन्हा पाहिलं. सगळे हात वर होते, दुसरीतल्या अनसने तर दोन्ही केले होते. मी म्हटलं, अगं, आले की. ती म्हणाली, "एक राहिला." आणि सगळ्यांनी एकदम मान वळवून खिडकीकडे पाहिलं. तिथल्या बसकरावर कुणी नव्हतं. मुलं नाराज दिसली नाहीत, घाबरलेली तर मुळीच नाहीत. एखादा हट्टी भिडू ऐकत नसला की बाकीचे जसे समजून घेतात, तसे त्यांनी हात खाली घेतले. अनस मला समजावत म्हणाला, "तिला खिडकीच पायजे, बाई. तिची कामगिरी हाय ती."

तुला माझं घर माहीत आहे. बाबांनी आम्हा भावंडांकडून बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या त्या आम्हाला अआइईच्या आधी आल्या. आमच्याकडे भुताखेताला थारा नाही, पितरांना पान नाही, लिंबू फक्त डाळीत पिळतात. तेव्हा मी काही तिथे दचकले नाही. मला वाटलं, पोरांच्या मनावरचा ओरखडा आहे, हळूहळू भरेल. त्यांनी नाव घेतलं नाही, मीही विचारलं नाही. कोण ते मला माहीत होतं. आता तुलाही कळलं असेल, आणि तू पत्र खाली ठेवलं असशील तर थोडं पाणी पी आणि पुन्हा घे.

शाळा सुटायची वेळ तर सगळ्यात विचित्र. घंटा झाली की पोरं कशी पळतात ते आपण जन्मभर बघितलंय. इथे घंटा झाली की कुणी हलत नाही. दप्तरं पाठीला, हात मांडीवर, नजर खिडकीकडे. सुरुवातीला वाटलं, काय शिस्त आहे. थोड्या वेळाने सगळी एकदम उठतात, कुणीही काही न म्हणता, आणि एका रांगेत बाहेर पडतात. एकदा मी त्यांच्यामागून साकवापर्यंत गेले. रांगेत शेवटून दुसऱ्या जागी एक मूल मावेल एवढी फट होती. मागचा अनस पुढच्याला धरून चालला नाही, धावला नाही, ती फट त्याने बुजवली नाही. फळ्यांवर पाय देताना तर सगळी थांबत थांबत गेली. पलीकडच्या काठावर पोचल्यावर मात्र फट राहिली नाही. तिथून ती इतर पोरांसारखी पोरं झाली, चिखल उडवत, एकमेकांच्या छत्र्या ओढत वाडीकडे पळाली. मी अलीकडे उभी होते, आणि आपल्या शेजारी कुणीतरी उभं आहे असं मला वाटलं. वाटलं म्हणते, दुसरं काही म्हणत नाही.

पाऊस वाढला तसं ते बसणं लांबायला लागलं. पावसाची भुरभुर असली तर थोडं थांबायची, जोराची सर असली तर बराच वेळ. पालकांना वाटायचं बाई जादा वर्ग घेतात, एकाने तर मला काकडी आणून दिली. शेवटी मी स्वरांगीला बाजूला घेतलं. तिने सरळ सांगितलं, काही लपवण्यासारखं नव्हतंच तिच्या लेखी. "अक्षदा खिडकी लावतेय, बाई. लाकूड फुगतं ना पावसात, बसत नाय लवकर." मी म्हटलं, खिडकी तर मी सकाळपासून उघडलेलीच नाही, बघ, कडी लागलेली आहे. ती म्हणाली, "ती तुमची झाली. तिची अजून उघडी हाय." मग मोठ्या बाईसारखी म्हणाली, "आदी आमी दोघी सारख्या व्हतो. आता ती माझ्या खांद्याला लागते."

मला राग आला, हुमेरा. कुणाचा ते विचारू नकोस. दुसऱ्या दिवशी मी ठरवून त्या खिडकीजवळच्या बसकरावर जाऊन बसले. म्हटलं, बघू दे पोरांना, ही एक साधी जागा आहे. बसकर ओलं होतं. त्याच्यावर कौल गळत नाही, मी वर बघून खात्री केली. आणि ओल नुसती नव्हती, साकवाखालच्या पऱ्ह्याच्या पाण्यासारखी थंडगार, साडीतून हाडापर्यंत गेली. मग पहिलीतली एक चिमुरडी अगदी हळू म्हणाली, "बाई, उठा ना. तुमी तिच्या मांडीवर बसलाव." मी उठले. बाबांच्या सगळ्या प्रतिज्ञा आठवत उठले, पण उठले.

त्या दिवशी काय झालं होतं ते तू पाहिलं नव्हतंस, मीही नाही. तू आदिलच्या लग्नाला तुडीलला होतीस, रीतसर रजा टाकून. एका दिवसासाठी पाठवलेल्या गुरुजींनी पाऊस बघून शाळा लवकर सोडली, त्यातही त्यांचं फारसं चुकलं असं मला म्हणवत नाही. पोरं उड्या मारत निघाली. अक्षदाची कामगिरी खिडकीची, ती खिडकी लावत मागे राहिली, आणि तेवढ्या एका दिवशी कुणी थांबलं नाही. मग ती एकटी साकवावर आली आणि पलीकडे पोचलीच नाही. हे मला आता उज्वलाने सांगितलं, तिच्या आईने. तुझ्या वेळी ती शेतावर जायची, आता शाळेत खिचडी शिजवते. मी तिला विचारलं, इथेच काम का गं धरलंस? म्हणाली, "कुठं जाऊ बाई? ती हितंच हाय ना." ती वर्गात कधी येत नाही, दाराच्या चौकटीशी उभी राहते, आणि पोरं थांबली की तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते बघवत नाही. ते मोडायचा मला काय अधिकार, असं वाटून मी गप्प बसले. थांबली पोरं थोडा वेळ तर काय बिघडलं, असं स्वतःला सांगत राहिले.

पण बिघडलं. शाळेच्या पाठीमागच्या डोंगराला भेग पडली आहे. तुझ्या वेळी आंब्याचं झाड होतं ना मागे, ते आता वाकून शाळेच्या कौलांकडे बघतं. मोजमाप करायला माणसं आली, चुन्याच्या खुणा करून गेली. हुकूम असा की पोलीस पाटलांनी शिट्टी वाजवली की मुलांना घेऊन तत्काळ पलीकडच्या समाजमंदिरात जायचं, दप्तरसुद्धा उचलायचं नाही. मी म्हटलं, मग शाळाच समाजमंदिरात भरवते. तर पोरं सकाळी तिथे आलीच नाहीत, सगळी जुन्या वर्गात जाऊन बसली होती. "तिला एकटीला कसं ठेवायचं?" वरच्या साहेबांना कळवलं, त्यांनी प्रस्ताव पाठवा म्हणून सांगितलं. आता प्रस्तावात काय लिहू, तूच सांग.

मागच्या आठवड्यात, भर दुपारी, शिट्टी वाजली. घाटात ढग फुटल्यासारखा पाऊस होता, समोरचं दिसत नव्हतं. मी ओरडले, चला, उठा. कुणी उठलं नाही. मी हाताला धरून ओढलं, पहिलीच्या दोघांना काखेत मारून बाहेर ठेवलं आणि आत वळले तर ती दोघं माझ्या पायांमधून पुन्हा आत जाऊन बसली. कौलांवर खडे पडायला लागले. बारीक, मग जरा मोठे. अनस भीतीने रडत होता, पण बसलेला होता. म्हणजे त्यांना डोंगर कळत होता, हुमेरा, मरण कळत होतं, तरी उठत नव्हती. स्वरांगी खिडकीकडे बघून विनवत होती, "आवर ना गो, आवर ना." मी त्या बंद खिडकीपाशी गेले आणि दोन्ही तळव्यांनी ती दाबून धरली. काय करत होते मला माहीत नाही. लाकूड माझ्या हाताखाली धडधडत होतं, पलीकडून कुणीतरी लहान माणूस सगळा जोर लावून ओढत असावं तसं. मग ते थांबलं, आणि माझ्या मागे सगळी पोरं एकदम उठली. आम्ही समाजमंदिरात पोचलो तेव्हा मागे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. शाळेचा मुतारीकडचा कोपरा गेला. वर्ग वाचला, या खेपेला. उज्वला आमच्याबरोबर आली होती आणि ती पोरांकडे एकेक करून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं ते समाधान गेलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नियमाला हात घातला. म्हटलं, तुमचा नियम चांगला आहे, मी मोडत नाही, पण त्याला एक जोड देऊ. शिट्टी वाजली की जो जिथे असेल तिथून पळायचं, कुणासाठी थांबायचं नाही. खूप बोलणं झालं. इतकं शहाणं बोलणं मी आपल्या मोठ्या माणसांच्या सभेत ऐकलेलं नाही. एकाने विचारलं, पडलेल्याला उचलायचं का? ठरलं, हाताशी असेल तर उचलायचं. अनसने विचारलं, छोट्यांचं काय? ठरलं, मोठ्याने एकेक धरायचा. स्वरांगी मात्र मान खाली घालून बसली होती. शेवटी म्हणाली, "आमी एकदा नाय थांबलो, बाई." तुझ्याकडे याला उत्तर असतं का गं?

तेव्हा दारातून उज्वला आत आली. पहिल्यांदा. हाताला हळद होती. ती खिडकीसमोर उकिडवी बसली, आपण पोराच्या उंचीला यायला बसतो तशी, आणि म्हणाली, "अक्षू, पोरांना जाव दे गो. तू नको थांबवू. मी हाय ना तुझ्याकडं, मी हितंच हाय. कर हात वर, माझी बाय." एवढं बोलून ती तशीच बसून राहिली. मी म्हटलं, हात वर. एकेक करत अकरा आले, स्वरांगीचा सगळ्यात शेवटी. मग आम्ही थांबलो. बाहेर पाऊस नव्हता. खिडकीच्या शेजारी जो मुलगा बसतो त्याच्या खांद्यावर पाणी ठिबकलं. ओला हात वर केला की कोपरावरून ओघळतं तसं, एक थेंब, मग दुसरा. त्याने खांद्याकडे पाहिलं, वर पाहिलं आणि म्हणाला, "आला." उज्वलाने पदर तोंडात कोंबला. मला रडू आलं ते मी लपवलं नाही, आणि कुणीतरी नियमाप्रमाणे मला पाणी आणून दिलं.

आता हे पत्र का, ते सांगते. मी खडू घेऊन नवा नियम लिहायला वळले, तर स्वरांगीने माझा हात धरला. म्हणाली, "अजून एक राहिला, बाई." मला वाटलं, माझा. मी केला. तिने मान हलवली. "तुमचा नाय. ठरवला तवा तुमी कुठं व्हताव? हुमेरा बाईंचा राहिला. त्यांचा हात सगळ्यात उंच व्हता." हुमेरा, त्या मुलांनी मिळून केलेल्या नियमात तूही एक हात आहेस, हे तूच त्यांना शिकवलंस. हफिजाखाला पोचल्या की मला फोन लाव, चित्र दिसेल असा. मी फोन वर्गासमोर धरीन. तुला काही बोलावं लागणार नाही, तुझा चेहराही दाखवू नकोस हवं तर, नुसता हात दाखव. मला माहीत आहे तो का जड होईल. तिच्या आईने तिला मागे ठेवायला होकार दिला, सोबत्यांनी दिला, तिने स्वतः दिला, फक्त तू तीन वर्षं देत नाहीयेस. पण डोंगर तुझ्यासाठी थांबणार नाही, आणि पोरं तिच्यासाठी थांबतात. काल शनिवारी शाळा सुटली तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं, सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, लावायच्याही नव्हत्या, तरी कुणी उठलं नाही. मी विचारलं, आज कशाला थांबलात रे? स्वरांगी म्हणाली, "ती तशीच उभी हाय, बाई. हात वर करून. हुमेरा बाईंचा दिसल्याबिगर खाली घेत नाय म्हणते." केवढासा हात तो. दुखत असेल गं.

तुझीच,
दर्शी
(प्रियदर्शिनी)